तेविसावा डबा

निशिगंध सहकारी गृहरचना संस्था,
कोथरूड, पुणे
८ ऑक्टोबर २०२५

सौ. मालनबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, कोणी आजारी नाही. फोन केला की तुमच्याकडे तो मोठ्या आवाजावर लावलेला असतो. मी विचारते तुम्हाला, उत्तर देतात जावई, मागून व्याही खोकतात आणि माझी स्वतःची मुलगी "आई, किती बोलतेस" म्हणते. कागद एका वेळी एकच माणूस वाचतो. शिवाय पुरावा राहतो.

विषय असा. आमच्या सोसायटीत रोज पन्नास-साठ पार्सलं येतात. परवा सत्यशीलाबाईंकडे लिंबं आली. चार लिंबं. पुठ्ठ्याचं खोकं, त्यात हवा भरलेली पिशवी, त्यात जाळी, जाळीत लिंबं. कोपऱ्यावर भाजीवाली बसते, पण ती "आपला अनुभव कसा होता" असं मागाहून विचारत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी जात नाही. तर मी सभेत योजना मांडली. किराणा सगळ्यांचा एकत्र आणायचा. कसबा पेठेतले बापूराव दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टेम्पोत पोती घालून येणार आणि आपण स्टीलच्या डब्यांत भरून घ्यायचं. डबे योजनेचे, एकूण चाळीस. महिनाअखेर धुऊन परत. पाकीट नाही, पिशवी नाही, खोकं नाही.

आमचे चिटणीस श्रीधरराव यांना तळमजल्यावरची रिकामी खोली पार्सलं ठेवायला हवी होती, ती मी डब्यांना मागितली. ते म्हणाले, "पद्मजाबाई, इथे जिन्यातला बल्ब जागेवर राहत नाही, डबे राहणार?" मी म्हटलं, एक जरी डबा कमी भरला तर योजना बंद, आणि वर पाच वर्षं मी सभेत तोंड उघडणार नाही. माणूस रागात बोलतो. श्रीधररावांनी ते तत्काळ इतिवृत्तात लिहून घेतलं. आवाजी मतदानानं मंजूर झालं. आवाज जरा जास्तच उत्साही होता. २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर, मोजणी. मालनबाई, मी अडतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय. पाच वर्षं गप्प बसणं माझ्या प्रकृतीला झेपणार नाही.

तुमच्या वाघोलीच्या बाराव्या मजल्यावरही खोक्यांचा डोंगर असतो असं ऐकते. घरात तुमच्यासारखं मोठं माणूस आहे. जरा लक्ष घाला, ही विनंती.

ऋचा पाडव्याला येईल तेव्हा फराळ तिच्याबरोबर पाठवते. प्लॅस्टिकची पिशवी न्यायची नाही, स्वयंपाकघरातले डबे घे, असं तिला बजावलंय. तिथे सध्या पाय ठेवायला जागा नाही. खाली खोलीला रंग चाललाय, म्हणून योजनेचे चाळीसही डबे माझ्याकडेच मुक्कामाला आहेत.

आपली,
पद्मजा आगाशे
(अध्यक्ष, खरेदी समिती. सदस्य मिळेपर्यंत सदस्यही मीच.)

*

वाघोली
३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय ईनबाई,
नमस्कार.

तुमच्याकडे विहीण म्हणतात, माहीत आहे. आमच्या दर्यापूरकडे ईन म्हणतात. एक अक्षर वाचते. तुमच्या योजनेत बसते.

पत्र एकटीनंच वाचलं. मग यांनी वाचलं, मग दत्तप्रसादनं. एका वेळी एकच माणूस, तुम्ही म्हटलं तसंच.

फराळ पावला. चकली चांगली होती, आवाज करत होती. चिवड्यात साखर काहून टाकता, हे मले पोरांच्या लग्नापासून विचारायचं आहे. यांनी सगळा चिवडा संपवला अन् मग म्हणाले, गोड आहे.

योजना समजली. सगळ्यांचा माल एकदम आणायचा, पोत्यातून काढायचा, डब्यात भरायचा, डबा धुवायचा. आमच्या गावात याले किराणा म्हणतात. पण तुम्ही सभेत मंजूर करून राहिल्या म्हणजे त्यात काही तरी जास्तीचं असंन.

खोकी आहेत बाप्पा. कोथिंबिरीची जुडी येते ती बाळंतिणीसारखी गुंडाळून. मी त्या खोक्यांत माती भरून गॅलरीत मेथी लावली. खोकी कोण मागवते ते मी लिहीत नाही. मले तो फोन चालवता येत नाही. हे दिवाळीचे चार दिवस आले, बाकी गावी वावरात असतात. दत्तप्रसादले तर भूक लागली हेही दुसऱ्यानं सांगावं लागते. घरात आणखी कोण राहते ते काढा. तुम्ही मास्तरीण आहात.

तुमचे डबे माझ्यापाशी आहेत. घासून, उन्हात ठेवून, पालथे घातले. चांदीवाणी चमकतात. आमच्या तुरीले अजून वेळ आहे, तोवर थांबा. रिकामे कसे पाठवू?

तुमची,
मालन हिंमतराव गावंडे

*

कोथरूड
२ डिसेंबर २०२५

सौ. मालनबाई यांस,
स. न.

चिवड्यात साखर असते, म्हणून तो चिवडा असतो. तिखटाची सोय आम्ही बोलण्यात केलेली असते.

खोक्यांचं गणित सोडवलं. उत्तर आलं. लग्न होईपर्यंत ती कोथिंबीर स्वतः जाऊन आणत होती, एवढंच नमूद करून विषय संपवते.

योजना धडाक्यात सुरू झाली. बत्तीसपैकी सव्वीस घरं आली. पहिल्याच रविवारी श्रीधररावांनीही डबाभर पोहे नेले. मी म्हटलं, "तुमचा विरोध होता ना?" म्हणाले, "विरोध तत्त्वाला आहे, पोह्यांना नाही."

आणि आता ऐका. महिनाअखेर डबे परत यायचे होते. आले चोवीस. सोळा नाहीत! कोणी किती नेले याची वही मी ठेवली नव्हती, कारण वही ठेवली की श्रीधरराव ती तपासायला मागतात. विचारायला गेलं तर माणसं डोळे चुकवतात. सत्यशीलाबाई मला जिन्यात पाहून वरच्या मजल्यावर निघून गेल्या. त्या खाली राहतात. "डबा?" म्हटलं की सगळ्यांचं एकच, "आणते हो, आणते." सुशिक्षितांची वस्ती! दारावर पदव्या लावलेल्या आहेत आणि आत माझे डबे दडवलेले आहेत. श्रीधरराव रोज सकाळी विचारतात, "काय, किती झाले?" क्रिकेटचा स्कोअर विचारल्यासारखं.

तुमच्याकडच्या डब्यांची मात्र मुळीच घाई नाही. जुनेच आहेत, झाकणं न बसणारे. चमकतात म्हणालात हा तुमचा चांगुलपणा. वर्षभर ठेवा. चोरांच्या या मुलखापेक्षा ते तुमच्याकडेच सुरक्षित आहेत.

आपली,
पद्मजा

*

वाघोली
११ डिसेंबर २०२५

आदरणीय ईनबाई,

तुमच्या सोसायटीत चोर नाहीत. डबा चोरला तर चोर "आणते हो" म्हणत नाही.

तुम्ही लोकांले भरलेला डबा दिला. आता तो रिकामा परत द्यायचा, तर हात जड होते. काही तरी घालूनच द्या लागते. सत्यशीलाबाईंच्या घरी काही गोडधोड व्हायचं असंन, त्याची वाट पाहून राहिल्या असतील. लहानपणी आमच्याकडे कोणी विरजणाची वाटी आणली तर आई ती परत करताना त्यात साखरेची चिमूट टाके. साखर नसली तर दोन दिवस वाटीच परत करत नसे. त्याले चोरी म्हणत नव्हते.

माझंच पाहा. तुमचे डबे दिवाळीपासून पालथे आहेत. रोज पुसते अन् रोज लाज वाटते. यांना फोन केला, तूर कधी काढता? म्हणाले, शेंगा वाळू दे. तुरीले घाई समजत नाही.

तुम्ही सोसायटीच्या फलकावर काही कडक लिहू नका. आधीच लाजलेल्या माणसाले आणखी लाजवलं तर तो डबा माळ्यावर टाकते.

मालन

*

कोथरूड
२९ डिसेंबर २०२५

सौ. मालनबाई यांस,

पत्र यायच्या आधीच कडक लिहून झालं होतं. फलक असा होता: "डबा रिकामा परत करणे हा अपमान नसून नियम आहे. हुकमावरून, खरेदी समिती." दुसऱ्या दिवशी खाली कोणी तरी पेन्सिलीनं लिहिलं, "तुमच्याकडे असेल."

तुमचं म्हणणं मला पटलं नव्हतं. विकत नेलेल्या डाळीची कसली परतफेड? पण प्रयोग केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे मीच शिकवलंय. फलक बदलला: "डबा कसाही परत करा." दोन दिवसांत सहा डबे आले. मालनबाई, एकही रिकामा नाही! सत्यशीलाबाईंच्या डब्यात डिंकाचे लाडू. "भाची नाशिकहून डिंक आणणार होती हो, ती आलीच नाही, म्हणून तोंड लपवत होते." एकात खजुराच्या वड्या, एकात शेंगदाण्याची चटणी, आणि तिसऱ्या मजल्यावरून गाजराची कोशिंबीर, गळती. सगळं मी खाल्लं. बापूराव म्हणाले, "बाई, मी माल भरायला येतो की डोहाळजेवणाला?"

तर तुमचा मुद्दा मान्य. पण अजून दहा नाहीत, आणि हे दहा वेगळे आहेत. प्रत्येक डब्याच्या बुडाशी मी क्रमांक कोरून घेतलाय. गेलेले आहेत ३१ ते ३९, आणि २३. सलग नऊ! हा संकोच नव्हे, हा कट आहे. कोणी तरी अख्खी रास उचलली. मला कोणाचा संशय आहे ते लिहीत नाही, पण आमचे चिटणीस हल्ली मी समोर आले की आकाशाकडे बघतात. आकाशात काही नसतं.

अठ्ठावीस दिवस उरले. रात्रंदिवस एकच चित्र डोळ्यांसमोर येतं: सभा भरली आहे, पाण्याच्या टाकीबद्दल कोणी तरी धडधडीत चुकीचं बोलतंय, आणि मी गप्प बसले आहे.

पद्मजा

*

वाघोली
८ जानेवारी २०२६

ईनबाई,

बसून वाचा.

डबे पालथेच होते, बुडं वरच होती. दोन महिने पुसत होते, पण चष्मा लावून पाहिलं नव्हतं. तुमचं पत्र आलं अन् चष्मा लावला. एकतीस, बत्तीस, तेहतीस. पुढचे लिहीत नाही, एकोणचाळीसपर्यंत तुम्हाले येते.

चोर सापडला. बाराव्या मजल्यावर राहते. तुमचीच ईन आहे.

ऋचाले सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाली, "आईनं स्वयंपाकघरातले डबे घे म्हटलं. जे चांगले दिसले ते घेतले." तिची चूक नाही. झाकण न बसणारे डबे सासरी कोण नेईन?

तेवीस माझ्यापाशी नाही. नऊच आहेत.

तूर निघाली. भरडून डाळ व्हायची आहे.

मालन

*

कोथरूड
१२ जानेवारी २०२६
स्पीड पोस्टाने

मालनबाई,

फोन करत नाही. तो मोठ्या आवाजावर असतो, आणि ही गोष्ट जावयांच्या कानावर जाता कामा नये.

डबे ताबडतोब पाठवा. रिकामे. डाळ नको, तीळ नको, काही नको. तुम्ही संकोच करू नका, मी मुळीच अपमान मानणार नाही, हे लेखी देते. (सही: प. आगाशे.) म्हणत असाल तर मी बसनं येऊन घेऊन जाते.

श्रीधररावांना जर कळलं की मी दीड महिना जिन्याजिन्यात चोर शोधत होते आणि नऊ डबे माझ्याच मुलीनं माझ्याच सांगण्यावरून नेले, तर ते पुढची पाच वर्षं प्रत्येक सभेत हेच सांगतील, आणि मला उत्तर द्यायची परवानगी नसेल!

आणि तेविसाचं काय करू? एक कमी म्हणजेही कमीच.

पद्मजा

*

वाघोली
१७ जानेवारी २०२६

आदरणीय ईनबाई,

रिकामे मिळणार नाहीत.

तुमचं लेखी मिळालं, जपून ठेवलं. पुरावा राहते. पण मी मुलाची आई आहे. सुनेच्या माहेरी नऊ रिकामे डबे धाडले तर बातमी दर्यापूरपर्यंत जाईन, अन् तिथून पुढं माझं माहेर लागते. बसनं या, आनंद आहे. दोन दिवस राहा, जेवा. डबे मात्र भरूनच निघतील.

हे पंचवीसला सकाळी डाळ घेऊन येतात. सव्वीसला ऋचा अन् दत्तप्रसाद झेंड्याच्या आधी तुमच्या दारात. तुमचे दहाही डबे येतील. काळजी करू नका.

दत्तप्रसादले मी एक शब्द सांगितला नाही. त्यानं तुमचं पत्र माझ्या आधी वाचलं होतं.

मालन

*

कोथरूड
२८ जानेवारी २०२६

प्रिय मालनबाई,

तुम्ही "दहाही" लिहिलंत तेव्हा मला वाटलं, मोजताना चुकलात. शिक्षकाचा स्वभाव. क्षमा करा.

आता पहिल्यापासून सांगते. सव्वाआठला झेंडावंदन झालं. गाडीचा पत्ता नाही. खोलीत तीस डबे रांगेत मांडलेले आणि समोर अख्खी सोसायटी. एरवी सभेला अकरा माणसं येतात, पण माझं तोंड बंद होणार म्हटल्यावर आजारी माणसंही जिना उतरली होती. श्रीधररावांनी चष्मा पुसला, मोजलं, म्हणाले, "तीस." आवाजात दुःख नव्हतं. मी उभी राहिले.

तेवढ्यात फाटकात हॉर्न वाजला. नगर रस्त्यानं त्यांना तास-दीड तास धरून ठेवलं होतं. जावयांनी एकेक डबा उचलून आणला, आणि पहिलं झाकण निघालं तशी सगळी खोली नव्या डाळीच्या वासानं भरून गेली. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "अगं बाई, ही खरी डाळ." क्रमांक तपासायचे तर बुडाशी. भरलेला डबा उपडा कसा करणार? मग जावई डबा दोन्ही हातांनी उंच धरत आणि श्रीधरराव खालून वाकून वाचत. नऊ वेळा. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, ते तुमच्या मुलाच्या पाया पडतायत.

"एकोणचाळीस," ते म्हणाले. मग दहावा डबा वर गेला. "तेवीस."

"चाळीस!" सत्यशीलाबाईंनी टाळी वाजवली.

श्रीधरराव ओरडले, "शक्यच नाही! चाळीस होऊच शकत नाहीत!"

मी म्हटलं, "का?"

"कारण तेवीस नंबर..." आणि थांबले.

"तेवीस नंबर काय?"

सगळी सोसायटी त्यांच्याकडे बघत होती. ते आकाशाकडे बघायला गेले, तर वर छत.

"माझ्या ओट्याखाली आहे," ते म्हणाले.

मालनबाई, त्यांची बायको नोव्हेंबरात कॅनडाला गेली, मुलीच्या बाळंतपणाला. डबा धुऊन, पुसून कधीचा तयार होता. "पण रिकामा कसा आणणार?" ते म्हणाले. "मला फक्त चहा येतो. डब्यात चहा आणू?" आणि मी मात्र त्यांना कटाचा सूत्रधार समजत होते. चाळिसावर ओरडले नसते तर ते कधीच पकडले गेले नसते. चूक मोजणी सहन होत नाही हो या माणसाला. या एका बाबतीत आमचं जमतं.

ते वर गेले आणि डबा घेऊन आले. आत चार चमचे साखर. "चहाची आहे," म्हणाले.

म्हणजे झाले एक्केचाळीस, आणि त्यात दोन तेवीस. मी तुमच्या तेविसाचं झाकण पाहिलं. "चि. मालन हिस लग्नात मामाकडून, १९८६." बुडाशी आकडा खिळ्यानं ओरखडलेला, दोनाची शेपटी उलट्या दिशेला. अशी लबाडी मी तुमच्याकडून अपेक्षिली नव्हती. फार आवडली.

श्रीधरराव अर्थात सावरले. म्हणाले, ठरावात "एक जरी कमी" असं आहे, एक जास्त भरल्यास काय, याची तरतूद नाही. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. त्यातली अठ्ठावीस मिनिटं मी बोलले. योजना कायम झाली. नवा नियम त्यांनीच सुचवला: "ज्यांना डबा रिकामा परत करणे जमत नसेल त्यांनी चिमूटभर साखर घालावी. कोशिंबीर घालू नये." एकमतानं मंजूर. तिसरा मजला तटस्थ. नऊ डबे तीन महिने कुठे होते, हे विचारायचं या गडबडीत सगळ्यांचं राहूनच गेलं.

दहाही डब्यांतली डाळ सव्वीस घरांत वाटली. श्रीधररावांना वरण कसं करायचं ते कागदावर लिहून दिलंय.

जावई निघताना हळूच म्हणाले, "आई, ते पत्र मी वाचलं होतं. पण ऋचाला नाही सांगितलं." ऋचा गाडीतून म्हणाली, "मला माहीत होतं."

तुमची,
पद्मजा

*

वाघोली
६ फेब्रुवारी २०२६

आदरणीय ईनबाई,

दोन माझ्या हातून शाळेपासून तसाच येते. बाईंनी लय मारलं, फरक नाही पडला. गॅलरीत मेथीपाशी बसून कोरला. मामा पाहत असंन वरून तर म्हणत असंन, पोरगी कामी आली.

सोसायटीचे सगळे डाळ जेवले हे वाचून यांनी पत्र दोनदा वाचलं. मग वावरात फोन लावला, मोठ्या आवाजावर. वरणात तुम्ही गूळ टाकला असंन. विचारत नाही.

इथं आता लिफ्टमध्ये बाया विचारून राहिल्या, तुमच्या ईनबाईचा तो टेम्पो वाघोलीपर्यंत येते का? बापूरावांले विचारा. ऋचा परवा पिशवी घेऊन खाली गेली अन् कोथिंबीर घेऊन वर आली. मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.

आता माझा मामाचा डबा तेवढा पाठवा. चाळीस वर्षांत तो पहिल्यांदा घराबाहेर गेला. त्याची जागा कपाटात रिकामी दिसते.

मालन

*

कोथरूड
१२ फेब्रुवारी २०२६

प्रिय मालनबाई,

बापूराव मार्चपासून वाघोलीला येतील. डबे तुमचे तुम्ही आणा. क्रमांक कोरून घ्या, पण खिळ्यानं नको.

मामांचा डबा सुखरूप आहे. घासला, उन्हात ठेवला, पालथा घातलाय. रोज पुसते. पण रिकामा कसा पाठवू? कैऱ्या अजून बाजारात आल्या नाहीत. आल्या की साखरांबा करते. थोडं थांबा. गोड असेल, आधीच सांगते.

तुमची ईन,
पद्मजा